दारवालीचं हसू

तुम्ही ज्या गाण्यावर मान डोलावता ते नेमकं कोण गातंय, हे कधी तपासलंत? नाही ना? भाजी घेताना देठ मोडून बघता, कापड घेताना उजेडात धरून बघता. गाणं मात्र फोनवर जे नाव छापलेलं असेल त्या नावासकट गिळता. शेजारी फोटो असला, फोटोत मोत्यांची माळ असली, की तुमची खात्री पटते. वर त्याचं महिन्याचं भाडं भरता आणि ऐटीत सांगता, ‘माझ्याकडे आहेत सगळी गाणी.’ तुमच्याकडे काही नाही. भाडेकरू आहात तुम्ही. मालक कधी येईल आणि कुठली भिंत पाडून जाईल, तुम्हाला पत्ता लागणार नाही.

एका बाईची भिंत अशीच पाडली गेली. पाडणाऱ्याच्या हातात पहार तिनेच नेऊन दिली, म्हणून तर जास्त चीड येते.

तिचं नाव इथे छापलेलं नाही. तिनेच नको म्हणून सांगितलं. ‘गाण्याखाली लागेल तेव्हा कागदावर लावा,’ म्हणाली. तोवर स्टुडिओतले लोक तिला जे म्हणायचे तेच म्हणू : दारवाली.

दारवाली म्हणजे दार उघडणारी नव्हे, कोरसमध्ये गाणारी. त्या काळी सगळ्या कोरसला मिळून एक माइक असायचा. ज्यांचा आवाज पातळ त्या माइकच्या पुढ्यात, ज्यांचा भरदार त्या मागे. हिचा आवाज असा की मागच्या रांगेतूनही बाकीच्यांना झाकून टाकायचा. मग संगीतकाराचा मदतनीस हाताने खुणा करायचा, ‘अजून मागे. अजून. जरा अजून, बाई.’ सरकत सरकत ती स्टुडिओच्या जाड दाराला टेकायची. कुजबुजणाऱ्यांना माइक आणि गाणारीला दार, असा तिथला न्याय. दाराची मूठ पाठीत टोचून घेत तिने उमेदीची सगळी वर्षं गायली. तुम्ही ऐकलंय तिला. पुष्कळ वेळा ऐकलंय. ‘मागे कोणीतरी गातंय’ म्हणून सोडून दिलंय.

आता ती थकली आहे, पण वाकलेली नाही. मुलगा आणि सुनेबरोबर राहते. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. सुनेचं पार्लर आहे, बस डेपोच्या मागच्या गल्लीत, लॉन्ड्रीला लागून. एकच खुर्ची. खुर्चीपुढे आरसा, बाजूला केस धुवायचं बेसिन, कोपऱ्यात मेण गरम करायचं भांडं. मध्ये पडदा, आणि पडद्यामागे संसार. लॉन्ड्रीची वाफ भिंतीतून येते, त्यामुळे आरसा सारखा पुसावा लागतो. तो दारवाली पुसते. टॉवेलच्या घड्या घालते, खाली पडलेले केस झाडते आणि पडद्याआडून गिऱ्हाइकांवर शेरे मारते. पगार नाही, मालकिणीचा तोरा मात्र पूर्ण.

पार्लरमध्ये फोनवर फुकटातली गाणी चालायची. फुकट असल्यामुळे मध्ये मध्ये जाहिराती. एकदा एक बाई चेहऱ्यावर लेप लावून, डोळे मिटून पडली होती. गाणं मंद, पंखा मंद, आणि अचानक फोनमधून एक पुरुष ओरडला, ‘पार्लरला कशाला जाता? आमची क्रीम लावा, घरबसल्या उजळा!’ बाईला हसू फुटलं, वाळलेल्या लेपाला उभ्या भेगा पडल्या आणि सुनेला सगळं पुन्हा लावावं लागलं.

‘बास झालं,’ सून म्हणाली. ‘माझ्याच दुकानात येऊन माझं गिऱ्हाईक तोडतोय मेला. आता भाड्याचं घ्यायचं. पण कुठलं?’

मुलाने तीन कंपन्यांची नावं आणली. तिघींचा पहिला महिना फुकट. ‘आधी तिघी वापरून बघू,’ तो म्हणाला. ‘मग ठरवू कोणाला डोक्यावर बसवायचं.’

‘आई, कान तुमचे,’ सून म्हणाली. ‘तुम्ही ऐका आणि सांगा.’

‘माझे कान भाड्याने मिळत नाहीत.’

‘मग नंतर डोकं दुखतंय म्हणून कुरकुर करायची नाही.’

‘कुरकुर माझी फुकटच असते. ती बंद होणार नाही.’

अशी परीक्षा सुरू झाली. कंपन्यांची खरी नावं सांगून त्यांची आयती जाहिरात कशाला करायची? घरात जी पडली तीच इथे लिहितो.

पहिली बोलकी. पैसे भरणाऱ्याला जाहिराती नाहीत, असं तिचं वचन. ते तिने पाळलं. पण दोन गाण्यांच्या मध्ये एक साखरेत घोळलेला आवाज यायचा, ‘तुम्हाला हेही आवडेल.’ दारवाली पडद्याआडून न चुकता उत्तर द्यायची, ‘नाही आवडणार.’ पुढे पुढे खुर्चीतली गिऱ्हाइकंही तिच्याबरोबर ओरडायला लागली.

दुसरी शहाणी. ती बोलायची नाही, परस्पर ठरवायची. तुम्ही एक गाणं मागा, पुढची सगळी तिच्या मनाची. सकाळी कोणी एखादं रडकं गाणं लावलं की संध्याकाळपर्यंत पार्लरमध्ये मयताला आल्यासारखं वातावरण. शिवाय तिच्याकडची जुनी गाणी धुऊन काढलेली, टेपची खरखर साफ. सून खूश झाली. ‘बघा, किती स्वच्छ.’

दारवालीने एक गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि हातातला टॉवेल खाली ठेवला. ‘आम्ही कुठे गेलो?’

‘कोण तुम्ही?’

‘कोरस.’

‘असेल की मागे.’

‘मागे काय असतं ते मला शिकवू नकोस. मागे कोणी नाही. खरखर काढताना आम्हालाही झाडून टाकलंय.’

तिसरी अडगळ. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गबाळी. कुठून कुठून जुन्या टेपा गाड्या भरभरून आणलेल्या आणि तशाच ओतलेल्या. फोटो एकाचा, नाव दुसऱ्याचं. एका नावाजलेल्या गवयाच्या नावावर दाबलं की बेडकांचं ओरडणं ऐकू यायचं. दारवाली म्हणाली, ‘यात काही चूक वाटत नाही मला.’

आता या तिघींना पारखायचं कशावर? सुनेने एक गाणं ठरवलं, बोटीचं. बोटीत बसलेली बाई आणि लांब जाणारा किनारा, असं ते गाणं. तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्यांनाच ठाऊक आहे. फोटोत मोत्यांची माळ घालणाऱ्या त्या मोठ्या गायिकेचं, म्हणजे मोतीवाल्या बाईंचं, सगळ्यात गाजलेलं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी त्यांचा तो हुंदका. त्या हुंदक्यावर त्यांना शाली मिळाल्या, सत्कार मिळाले, एका चौकाला त्यांचं नाव मिळालं.

दारवालीने हे गाणं आयुष्यभर घरात वाजू दिलं नव्हतं. रेडिओवर लागलं की उठून बंद करायची. मुलगा लहानपणापासून बघत आलेला, पण का म्हणून विचारायची त्याची हिंमत नव्हती. सुनेची होती.

‘तुमचं काय घोडं मारलंय त्या गाण्याने?’

‘दुसरं कुठलंही लाव.’

‘बँकवाल्या बाईंना हेच लागतं. केस रंगवायला आल्या की आधी बोट, मग ब्रश. गिऱ्हाईक आहे ते, आई.’

बँकवाल्या बाई म्हणजे पार्लरचं सगळ्यात वजनदार गिऱ्हाईक. बोलकीवर त्यांनी बोट ऐकली, हुंदका आला, त्यांनी सुस्कारा सोडला. शहाणीवर ऐकली. हुंदका इतका धुतलेला की शिंक वाटली. पुढच्या खेपेला अडगळीची पाळी. बाईंच्या डोक्याला रंग थापून झालेला, मानेभोवती प्लॅस्टिक गुंडाळलेलं. दारवाली दाराशी केस झाडत होती. सुनेने गाणं लावलं.

पहिल्या ओळीलाच केरसुणी थांबली.

सुनेने आरशातून बघितलं. सासू दाराला पाठ लावून उभी. डोळे मिटलेले नाहीत, पाणी नाही, चेहऱ्यावर एक विचित्र संताप, म्हणजे कोणीतरी तिच्या कुलपातल्या ट्रंकेत हात घातलाय असा. पहिलं कडवं गेलं. दुसरं आलं. शेवटच्या ओळीत, जिथे हुंदका यायचा तिथे, हुंदका आलाच नाही. गाणारी बाई हसली. म्हणजे हसणार होती, आणि तिने ते मधोमध गिळलं. त्याच्यामागून ढोलाची थाप पडली, पण अर्ध्या श्वासाने उशिरा.

‘शी!’ बँकवाल्या बाई प्लॅस्टिकमधून म्हणाल्या. ‘हे काय? कोण हल्लीची पोरगी नक्कल करतेय आमच्या बाईंची?’

दारवालीने केरसुणी टाकली. ‘नक्कल कोणी कोणाची केली ते तुम्हाला माहीत आहे का?’

‘मावशी, मला गाण्यातलं कळतं.’

‘केसाचा खरा रंग लपवायला येता इथे आणि मला खरं-खोटं शिकवता?’

‘आई!’ सून ओरडली.

बँकवाल्या बाई उठायला गेल्या. पण डोक्यावरून रंगाचा ओघळ कपाळाकडे निघालेला. असं डोकं घेऊन डेपोपर्यंत जाणार कसं? निमूट खाली बसल्या. 

त्या गेल्यावर सुनेने पडदा सारला. ‘झालं समाधान? आता सांगा. काय होतं ते?’

‘मी होते,’ दारवाली म्हणाली.

ऐका, कारण ही पद्धत तुम्हाला कोणी सांगणार नाही. मोठ्या गायिकेची वेळ मिळायची नाही. वादकांचा ताफा तर बसलेला. मग कोरसमधल्या एखादीला पुढे बोलवायचं आणि तिच्याकडून अख्खं गाणं गाऊन घ्यायचं. तिला म्हणायचे डमी. तो नमुना. मोठ्या बाईंनी तो ऐकायचा, बसवायचा, मग आपल्या आवाजात गायचा, आणि नमुन्याची टेप पुसून त्याच टेपवर पुढचं काम करायचं. डमी गाणारीला नाव नाही. टेपच उरत नाही, तिथे नाव कशाला चिकटवणार?

बोटीचा नमुना दारवालीने गायला. आयुष्यात त्या एका दिवशी ती दारापासून माइकपर्यंत चालत गेली. समोर ढोल घेऊन एक तरुण बसलेला. मदतनीस डोळे मिटून हातवारे करत होता, आणि हातवाऱ्यांच्या भरात त्याच्या डोक्यावरचा केसांचा टोप हळूहळू कानावर उतरत होता. त्याला पत्ता नाही. ढोलवाल्याने भुवईने टोपाकडे खूण केली आणि स्वतःची मान तशीच तिरकी करून वाजवायला लागला. ऐन दुःखाच्या ओळीत हिला हसू फुटलं. हिने ते गिळलं. ते बघून त्याचा हात चुकला.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, ‘माझी थाप गेली तुमच्यामुळे.’

ती म्हणाली, ‘थाप नीट होती. तोंड वाकडं होतं तुमचं.’

तोंड वाकडं करणाऱ्याशीच तिने पुढे लग्न केलं. गेला तो. त्याचा फोटो मागच्या खोलीत, फ्रिजच्या वर. ढोल त्याने शेकडो गाण्यांत वाजवला, पण ‘हा नक्की तोच’ असं बोट ठेवावं तर कशावर? सगळे बरोबर वाजवणारे सारखेच वाजतात. चुकलेली थाप तेवढी त्याची एकट्याची.

आणि मोतीवाल्या बाई? त्या नंतर आल्या. कानाला हेडफोन लावून नमुना पुन्हा पुन्हा ऐकत राहिल्या. प्रत्येक वळण उचललं, प्रत्येक श्वास उचलला. जिथे हसू गिळलेलं होतं तिथे हुंदका घातला. लोक म्हणाले, काय हे काळीज! दारवाली दाराशी उभी राहून कोरस गात होती. मूठ पाठीत होती.

ती टेप पुसली गेली असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. कोणाच्या तरी आळसाने ती राहिली. अडगळवाल्यांनी टेपा ओतताना खोक्यावरचं गाण्याचं नाव वाचलं, आतला आवाज ऐकायचे कष्ट घेतले नाहीत, आणि दारवालीचं गाणं मोतीवाल्या बाईंचा फोटो लावून विकायला ठेवलं.

सुनेचा आधी विश्वास बसेना. तिने गाणं पुन्हा लावलं. हसू आलं तसं तिने कपाळावर हात मारला.

‘अहो, मी आमटी केली की पहिल्या घासाला तुम्ही हेच करता!’

‘गिळते ना? उपकार मान.’

मुलगा कामावरून आला, हातपाय न धुता त्याने फोन कानाला लावला. बापाच्या उशिरा पडलेल्या थापेला त्याची मान आपोआप हलली. मग तो खाली बसला आणि म्हणाला, ‘आई, आता कोणाला काही बोलू नकोस.’

‘का?’

‘हे चुकून राहिलंय. जी लिफ्ट चुकून चालतेय तिचं झाकण उघडायचं नसतं. मी दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवतो, आणि आपण गप्प बसू.’

‘माझा आवाज, आणि मी चोरासारखा भरून ठेवू? दाराआडून ऐकू? अरे, दाराआड उभं राहून पाठीला घट्टा पडलाय माझ्या! मला नाव हवंय त्याच्याखाली. तुझ्या बापाचंही. वाजवणाऱ्यांची नावं देतात हल्ली.’

‘आणि त्यांनी काढूनच टाकलं तर?’

‘काढतील कसे?’ सुनेने फोन दाखवला. ‘डाउनलोड केलंय मी. हा बघा बाण, रंग बदललाय. आपल्या फोनमध्ये आलं म्हणजे आपलं झालं.’

मुलाने बाण निरखून बघितला. त्याला लिफ्ट कळते, फोनचा तो बाण नाही. तुम्हाला तरी कुठे कळतो?

आधी फोनवरूनच तक्रार केली. कंपनीने पर्याय दिले होते : आवाज नीट येत नाही, शब्द चुकलेत, गाणं अश्लील आहे. ‘गाणारी मी आहे’ असा पर्याय नव्हता. सुनेने ‘इतर’ दाबलं आणि सगळी हकीकत लिहिली. उत्तर आलं : आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत, आपल्याला हेही आवडेल. आणि खाली बेडकांचं गाणं.

‘कोण बसतं तिथे?’ दारवालीने विचारलं. ‘माणूस बसत असेल ना एखादा? चल.’

अडगळीचं ऑफिस अडगळीचं असेल असं वाटत असेल तर चूक. काचेचे दरवाजे, काचेच्या भिंती, जमीन अशी की आपलं तोंड खाली दिसावं. वॉचमनने तक्रार ॲपमधून करा म्हणून सांगितलं. दारवालीने तिथेच, दारात, बोटीची पहिली ओळ सोडली. पूर्ण आवाजात. त्या आवाजाला मागे सारायला तिथे मदतनीस नव्हता. सगळ्या काचांमागून माणसं उठून बघायला लागली, आणि त्यातल्या एकाने घाईघाईने सासू-सुनेला आत घेतलं.

तो गाण्यांच्या यादीचा साहेब. गोरागोमटा, गोडबोल्या. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. असल्या माणसांशी भांडायला फार त्रास होतो. उद्धटाला शिवी देता येते, पाणी देणाऱ्याला काय देणार?

‘बोला आजी.’

ती बोलली. दार, डमी, टोप, हसू, थाप. तो मन लावून ऐकत होता. त्याने दोन्ही गाणी काढली, स्वतःच्या यादीतलं आणि बाहेरून एक, हुंदक्याचं. दोन्ही ऐकली. पुन्हा ऐकली. त्याचा चेहरा खुलला.

‘खरंच की! हा आवाज त्यांचा नाहीच. तुमचाच आहे.’

दारवालीने सुनेचा हात धरला. इतक्या वर्षांत तिला कोणी ‘तुमचाच आहे’ म्हटलं नव्हतं.

‘मग लावा नाव,’ ती म्हणाली.

‘नाव कसं लावणार, आजी? आमच्याकडे हक्क आहेत मोठ्या बाईंच्या गाण्याचे. तुमच्या आवाजाचा करारच नाही. म्हणजे आम्ही तुमचा आवाज तुम्हाला न विचारता वापरतोय. हा तुमच्यावर अन्याय आहे.’

‘मी विचारलं, मीच हो म्हणते. वापरा.’

‘असं नाही ना होत.’

‘अहो, चूक नावात आहे, गाण्यात नाही,’ सून म्हणाली.

‘मॅडम, यादीत नाव बरोबर आहे. गाणं चुकीचं पडलंय.’ तो उठला, त्याने हात जोडले. ‘खरंच थँक यू. अशा चुका आमच्या लक्षातच येत नाहीत. तुमच्यासारखे जाणकार लोक येतात म्हणून आमचा दर्जा टिकतो.’

बघा कसा कावा आहे. गाणं तिचं आहे हे सिद्ध होत नव्हतं तोवर ते सुखात नांदत होतं. तिने सिद्ध केलं, आणि त्याच पुराव्याने ते चुकीचं ठरलं. खोटं बोलून लुटणारे पाहिले होते. हा गडी तिच्यावर विश्वास ठेवून लुटत होता.

लिफ्टमधून खाली येताना सून म्हणाली, ‘असू दे. बाण आहे आपल्याकडे.’

आठवडा सरायच्या आत अडगळीवर बोट लागली ती हुंदका घेऊनच. सुनेने घाईघाईने डाउनलोड केलेली गाणी उघडली. बाण तसाच होता, रंगही तसाच. गाणं दाबलं. हुंदका. फोनच्या आत, तिच्या खिशात, तिच्या उशाशी असलेलं गाणं कंपनीने बाहेरच्या बाहेर बदललं होतं. डाउनलोड म्हणे. उतरवून घेतलं म्हणे. भाड्याच्या घरातलं कपाट ते, त्याला कुलूप लावून काय उपयोग? चावी मालकाकडे.

सून मटकन खुर्चीत बसली, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत. ‘आपलं झालं, म्हणाले मी. बाण आहे, म्हणाले.’ आणि रडायला लागली. मुलगा दारात उभा. ‘मी सांगितलं होतं’ हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते. आईने त्याच्याकडे असं बघितलं की ते तिथेच मेले.

‘रडू नकोस,’ दारवाली सुनेला म्हणाली. ‘हुंदका ऐकवत नाही मला. तुला माहीत आहे.’

तिन्ही कंपन्यांचा हिशेब त्याच बैठकीत संपला. बोलकी, शहाणी, अडगळ, तिघी फोनवरून गेल्या. जाताना तिघींनी विचारलं, ‘आपण आम्हाला का सोडताय?’ पर्यायांत खरं कारण इथेही नव्हतं.

आता पार्लरमध्ये गाणं नसतं. कात्री असते, लॉन्ड्रीची वाफ असते, आणि पडद्याआडून शेरे असतात. काही गिऱ्हाइकं तुटली. बँकवाल्या बाई मात्र आल्या. दारातच थांबून म्हणाल्या, ‘मावशी, ते तुमचंवालं गाणं परत ऐकायचं होतं. घरी लावलं तर ते नेहमीचंच लागलं.’

‘आता कान आले होय तुम्हाला?’

‘आले. उशिराने.’

‘बसा. डोकं पांढरं झालंय तुमचं.’

त्या बसल्या. दारवालीने गायलं नाही. ‘गाऊन दाखवा’ म्हणणाऱ्या सगळ्यांना ती एकच सांगते : मी आज गाईन, पण आज ते हसू कुठून आणू? तोंड वाकडं करणारा समोर नको का? आवाज तिच्याकडे अजून आहे. ते हसू आणि ती थाप तेवढी एकाच टेपवर होती, आणि ती टेप काचेच्या घरात आहे. मागितली तर म्हणतात, तुमचा त्या टेपशी संबंध काय?

मोतीवाल्या बाईंच्या चाहत्यांना यावर राग येणार. येऊ दे. हुंदक्यावर ज्यांनी रुमाल भिजवले त्यांनी एकदा ते रुमाल वास घेऊन बघावेत, उधारीचा वास येतो का ते.

पण बाकीच्यांनो, तुमच्याशी काम आहे. अडगळीवर ते गाणं कितीतरी दिवस चुकीचं पडून होतं. तुमच्यापैकी कोणीतरी ते लावलं असणार. दुकानात, गाडीत, घरच्या एखाद्या कार्यक्रमात. तेव्हा कोणीतरी व्हिडिओ काढत असणार. पोर केक कापतंय, म्हातारा झोपाळ्यावर बसलाय, नवी सायकल आली आहे, असलं काहीतरी, आणि मागे बोटीचं गाणं. तुमचे ते व्हिडिओ अजून तरी तुमचे आहेत. फोन भरला म्हणून पुसायच्या आधी ते उघडा. पोराकडे बघू नका, मागचं ऐका. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी हुंदका असला तर खुशाल पुसा. पण तिथे कोणी हसू गिळत असेल, आणि त्यामागून ढोल अर्ध्या श्वासाने उशिरा पडत असेल, तर हात आवरा. तो फोन आहे तसा उचला आणि डेपोच्या मागे, लॉन्ड्रीला लागून असलेल्या पार्लरमध्ये या. आवाज कितीही खराब असू द्या, वरून कुत्रं भुंकत असू द्या, तरी या. दार वाजवा. ती दाराशीच उभी असते.